घोडा कोणाचा? फँटसी जगांतील टोळीवीर, पगारी शिपाई आणि त्यांच्या मानाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी सदाशिव पेठेतल्या आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत माझा भाचा आणि त्याचे पाच मित्रमैत्रिणी एक खेळ खेळत बसले होते. या खेळात प्रत्येक जण कल्पित जगातले एक पात्र होतो, त्यांच्यातला एक सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, आणि पात्राने केलेली कृती साधली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. भाच्याचे पात्र डोंगरी टोळीतला वीर होते, तर त्याच्या एका मैत्रिणीचे पात्र राजाच्या पायदळातली पगारी शिपाई होते. प्रसंग साधाच होता. रात्रीची वेळ, नदीवरचा पूल, आणि पुलाच्या तोंडाशी भाल्यावर रेलून झोपलेला शत्रूचा एकटा पहारेकरी. मैत्रीण म्हणाली, मी मागून जाऊन त्याचा गळा चिरते आणि आपण पलीकडे जाऊ. भाचा म्हणाला, माझा माणूस झोपलेल्यावर हत्यार उचलणार नाही. तो त्याला उठवील, आपले आणि आपल्या बापाचे नाव सांगेल आणि मग लढेल.

त्यावर पाऊण तास भांडण झाले. आतून आलेली साबुदाण्याची खिचडी निवून गेली, फासा तसाच पडून राहिला. शेवटी भाच्याने मला हाक मारली, "मामा, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात ना, मग तुम्हीच सांगा, या दोघांत मानी कोण?" मी म्हणालो, दोघेही. हे उत्तर कोणालाच पटले नाही, आणि त्यांचे चुकलेही नव्हते, कारण कारण न सांगता दिलेले ते उत्तर म्हणजे निव्वळ पळवाट होती. फँटसी मालिका, कादंबऱ्या आणि खेळ आता पुण्यातल्या घराघरांत पोहोचले आहेत, आणि त्या जगांत वेणी राखणारा टोळीवीर एकीकडे आणि ढालीला ढाल लावून उभा राहणारा शिपाई दुसरीकडे, ही जोडी इतक्या वेळा भेटते की हा प्रश्न आमच्या बाहेरच्या खोलीपुरता उरलेला नाही. म्हणून ते कारण इथे सविस्तर मांडतो.

मान, अब्रू आणि इमान

लढणाऱ्या माणसाने काय केले असता त्याची मान ताठ राहते आणि काय केले असता खाली जाते, याविषयीच्या लिखित किंवा अलिखित नियमांना या लेखापुरते 'मानसंहिता' म्हणू. हा शब्द जड आहे, पण याखेरीज दुसरा पारिभाषिक शब्द मी वापरणार नाही, कारण मराठीत या विषयाचे शब्द पूर्वीपासून आहेत आणि ते अधिक नेमके आहेत. 'अब्रू' ही माणसाची आणि त्याच्या घराण्याची असते. ती चारचौघांत राहते आणि चारचौघांतच जाते. 'इमान' मात्र कोणाशी तरी राखावे लागते: ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी, ज्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलो त्याच्याशी. अब्रू गेली की माणूस तोंड लपवतो, आणि इमान सोडले की त्याला निमकहराम म्हणतात. या दोन शिव्या वेगळ्या आहेत, कारण गुन्हेही वेगळे आहेत.

टोळीवीराची मानसंहिता मुख्यतः अब्रूवर उभी असते आणि पगारी शिपायाची इमानावर. फँटसी लिहिणारे पुष्कळ लेखक हा फरक स्वभावाचा मानतात: टोळीवाले तापट पण दिलदार, शिपाई थंड पण शिस्तीचे. माझ्या मते इथेच गफलत होते. हा फरक स्वभावाचा नसून पोटापाण्याचा, साक्षीदारांचा आणि माणूस मेल्यावर त्याच्या घराकडे कोण पाहणार याचा आहे.

जिथे कचेरी नाही तिथे नाव हेच भांडवल

आपल्या पेठेतला जुना वाणी ओळखीच्या घराला महिनाभर उधारीवर सामान देतो. त्याच्या वहीत सही नसते, तारण नसते. 'अमक्यांचे घर शब्दाला पक्के आहे' एवढ्यावर ती वही चालते. एकदा पैसे बुडवले की त्या वाण्याकडची उधारी तर जातेच, पण ही गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला कळते. टोळीतल्या वीराचा मान असाच उधारीच्या वहीसारखा असतो. जिथे न्यायालय नाही, पोलीस नाही, करारपत्र नाही, तिथे 'याच्या वाटेला गेलात तर हा सोडणार नाही, आणि याने शब्द दिला तर हा मोडणार नाही' ही ख्यातीच माणसाच्या गुराढोरांचे आणि लेकराबाळांचे रक्षण करते.

यावरून टोळीच्या मानसंहितेतल्या, बाहेरून विचित्र वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. पश्तून टोळ्यांच्या परंपरेत, म्हणजे पश्तूनवलीत, पाहुणचार, दाराशी आलेल्याला आश्रय आणि अपमानाचा बदला या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. बाहेरच्याला वाटते की इतका आतिथ्यशील माणूस पिढ्यान्‌पिढ्या सूड कसा काय उगवतो. पण मित्र आणि शत्रू या दोघांशीही आपला शब्द खरा ठरवणे हेच तिन्ही नियमांचे काम आहे, आणि त्यातला एक सैल सोडला की उरलेल्या दोहोंवर कोणी विश्वास ठेवत नाही.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतल्या मूळ रहिवाशांमध्ये जिवंत, सशस्त्र शत्रूला नुसती काठी किंवा हात लावून सुखरूप परत येणे हा मोठा पराक्रम समजला जाई, पुष्कळदा दुरून बाण मारून ठार करण्यापेक्षाही मोठा. हा भाबडेपणा नव्हता. दूर उभे राहून मारण्यात धैर्याचा पुरावा कमी. जवळ जाऊन, शिवून, परत येण्यात तो पुरेपूर, आणि तोही साक्षीदारांसमोर. शिवाय जिथे लढणारी माणसे मोजकीच, तिथे प्रत्येक मृत्यू दोन्ही बाजूंना परवडत नाही, आणि म्हणून शौर्य दाखवण्याची पण माणसे न संपवण्याची एखादी रीत लागतेच.

साक्षीदार हा यातला मुख्य शब्द आहे. टोळीवीर लढण्याआधी नाव का सांगतो, याचे उत्तर तालमीत सापडेल. कुस्तीच्या फडात जोड ठरते, दोन्ही पैलवानांची नावे पुकारली जातात, हलगी वाजते आणि मगच हात मिळतात. अंधारात मागून येऊन कोणी पैलवानाला पाडले तर त्याला कोणी चितपट म्हणत नाही. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धाआधी ठरलेले नियमही याच जातीचे आहेत: रथ्याने रथ्याशी लढावे, गजारूढाने गजारूढाशी, आणि शस्त्र टाकलेल्यावर किंवा पाठ फिरवलेल्यावर वार करू नये. ज्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करायला आपल्या भांडारकर संस्थेला १९१९ पासून १९६६ पर्यंतचा काळ लागला, त्याच ग्रंथात पुढे हे नियम एकामागून एक मोडले जातात. लढाई लांबली आणि सारे पणाला लागले की जोडीचा नियम टिकत नाही, हे आपल्या पूर्वजांनी तेव्हाच लिहून ठेवले आहे.

ढोलपथकाचा नियम

आता दुसरी बाजू. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठाने गेले की पथकांचा सराव ऐकू येतो. एकदा मी एका सरावाशी थांबलो होतो. मागच्या रांगेतला एक तरुण बाकीच्यांपेक्षा दुप्पट जोराने ढोल बडवत होता. बोटे फुटून पट्टीवर रक्त आले होते, चेहऱ्यावर उन्माद होता. पथकप्रमुखाने वादन थांबवले आणि शाबासकी देण्याऐवजी त्याच्या हातातले टिपरू काढून घेतले. "जोर कोणाला दाखवतोस? ठेका धर," एवढेच तो म्हणाला. त्या मुलाला वाटले होते की आपण सर्वांत जास्त देतो आहोत, आणि पथकाच्या हिशेबी तो सर्वांत जास्त बिघडवत होता.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने नोंदवलेली अ‍ॅरिस्टोडेमस या स्पार्टन शिपायाची हकिगत हुबेहूब अशीच आहे. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणी फौजेला अडवायला थर्मोपिलीच्या खिंडीत राजा लिओनिडसबरोबर गेलेल्या तीनशेपैकी हा डोळ्यांच्या विकारामुळे मागे राहिला आणि जिवंत घरी आला. गावाने त्याला वाळीत टाकले: कोणी त्याच्याशी बोलेना, कोणी चूल पेटवायला विस्तव देईना, भेकड हेच त्याचे नाव पडले. पुढच्याच वर्षी प्लाटियाच्या लढाईत तो रांग सोडून पुढे धावला, बेभान लढला आणि मेला. हेरोडोटसच्या मते त्या दिवशी सर्वांत शूर तोच होता. स्पार्टाने मात्र सन्मान दुसऱ्याला दिला, कारण तो दुसरा जगण्याची इच्छा असूनही शूरपणे लढला होता, आणि अ‍ॅरिस्टोडेमसने मरण्यासाठी रांग मोडली होती.

यात क्रूरपणा आहे, पण गणितही आहे. ढालींच्या रांगेत प्रत्येकाची ढाल शेजाऱ्याची उघडी बाजू झाकते. पुढे धावणारा वीर आपला जीव उधळतो असे दिसते. खरे तर तो शेजाऱ्याचा जीव उधळतो. टोळीवीराचा पराक्रम त्याच्या नावावर जमा होतो, आणि शिपायाचा पराक्रम पलटणीच्या नावावर. म्हणून रांगेत टिकून राहणे, जे लांबून पाहणाऱ्याला मुळीच रोमहर्षक वाटत नाही, ते शिपायाच्या मानसंहितेत सर्वांत वरचे असते. फँटसी मालिकांत शिपाई नुसते उभे आणि नायक एकटा उसळून पुढे, असे दृश्य दिसले की मला त्या नदीकाठच्या मुलाची आठवण येते. पडद्यावर टिपरू काढून घेणारा कोणी नसतो.

एकच द्वंद्व, दोन निकाल

रोमच्या इतिहासात या दोन संहितांची टक्कर एकाच घरात झालेली दिसते. टायटस मॅन्लियस नावाच्या तरुणाला एका धिप्पाड गॉल योद्ध्याने पुलावर द्वंद्वाचे आव्हान दिले होते. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की मॅन्लियस आधी सेनापतीकडे गेला, तुमच्या आज्ञेविना मी रांगेबाहेर लढणार नाही असे म्हणाला, परवानगी घेऊन लढला, जिंकला, आणि गॉलच्या गळ्यातले पिळाचे कडे काढून स्वतःच्या गळ्यात घातले. त्या कड्यावरूनच त्याच्या घराण्याला टॉर्क्वाटस हे नाव पडले.

पुढे इसवी सनापूर्वी ३४० मध्ये तोच मॅन्लियस सेनापती होता, आणि रांग सोडून कोणीही शत्रूशी लढू नये असा त्याचा कडक हुकूम होता. त्याच्या मुलाला शत्रूच्या एका घोडेस्वाराने डिवचले. मुलाने आव्हान घेतले, शत्रूला मारले आणि त्याची हत्यारे मोठ्या अभिमानाने बापाच्या पायाशी आणून ठेवली. बापाने सैन्य गोळा केले आणि सर्वांसमोर मुलाचे डोके उडवण्याची आज्ञा दिली.

बाप आणि मुलगा या दोघांनी एकच काम केले: आव्हान घेतले, लढले, जिंकले. फरक फक्त परवानगीचा. अब्रूच्या संहितेत मुलगा बापाइतकाच मानी आहे, कदाचित अधिकच, कारण त्याने डिवचल्याबरोबर उत्तर दिले. इमानाच्या संहितेत मात्र परवानगीशिवायचा विजय हा पराभवाहून घातक ठरतो, कारण उद्या प्रत्येक जण स्वतःची लढाई निवडू लागेल. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी लिहिले की तिथे ढाल टाकून पळणाऱ्याला सभेत आणि धर्मकृत्यांत जागा नसते, आणि सरदार पडल्यावर रणातून जिवंत परतणे ही जन्मभराची नामुष्की समजली जाते. रोमन शिपाईही पळण्याला अधमच मानत असे, पण सेनापती पडला म्हणून सगळ्यांनी मरावे असे त्याला कोणी शिकवले नव्हते. दुसरा सेनापती येतो, पलटण पुढे चालू राहते.

टोळी कोणत्या दिवशी सैन्य होते?

या प्रश्नाचे उत्तर गणवेश किंवा निशाण असे दिले जाते. मला विचाराल तर लुटीचा हिशेब मांडला जातो त्या दिवशी. १२०२ मध्ये तातार टोळ्यांवर चालून जाताना चंगीझ खानाने हुकूम काढला की विजय पुरा होईपर्यंत कोणी लुटीसाठी थांबायचे नाही. लूट नंतर सर्वांत वाटली जाईल. त्याच्या जवळच्या नातलगांनी तो मोडला, तेव्हा त्यांची लूट त्याने काढून घेतली. पुढे १२०६ नंतर त्याने माणसांची दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशी पथके बांधली आणि अनेक टोळ्यांची माणसे त्यांत मिसळून टाकली. टोळीत ज्याने मारले त्याची लूट, हा मानाचाच भाग असतो. ती मध्यवर्ती वाटपात गेली की माणूस आपल्या कर्तबगारीवर जगायचे सोडून धन्याच्या हिशेबावर जगू लागतो.

आपल्याकडचे उदाहरण याहून बारकाईने नोंदले गेले आहे. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची व्यवस्था वाचायला मिळते. घोडदळात दोन प्रकार होते: बारगीर म्हणजे सरकारी पागेच्या घोड्यावर बसणारा, आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. पावसाळ्यानंतर स्वारीला निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होई, परतल्यावर झडती होई, आणि यादीपेक्षा अधिक जे निघेल ते सरकारात जमा होई किंवा पगारातून वळते होई. बायका, मुले, ब्राह्मण आणि गाय यांना धरायचे नाही, अशी ताकीद होती.

शिलेदार आणि बारगीर यांच्यातला फरक मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटतो. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याचे घर बसते, म्हणून तो घोडा घालताना दोनदा विचार करतो, धन्याशी हुज्जत घालू शकतो, आणि न पटल्यास घोड्यासकट निघूनही जाऊ शकतो. बारगिराचा घोडा सरकारचा, म्हणून हुकूमही सरकारचा. शिलेदाराच्या मानात टोळीवीराचा अंश उरतो. बारगीर मात्र जवळजवळ पुरता शिपाई झालेला असतो. कोणतेही फँटसी जग वाचताना घोडा कोणाचा एवढे विचारा, त्या योद्ध्याच्या मानसंहितेचा निम्मा उलगडा होईल.

१६७३ साली चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र तर शिपाईगिरीचा वस्तुपाठच आहे. त्यात शौर्याबद्दल काहीच नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत बेताने वापरा, नाहीतर ते आधीच संपेल आणि घोडी मरतील, ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्यांचे दाणे, गवत, भाजी ओरबाडाल, आणि त्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, असा मजकूर त्यात आहे. उंदराने नेलेल्या वातीची काळजी करणारा राजा एकाही फँटसी कादंबरीत मला अजून भेटलेला नाही. शिपायाचा मान अशाच गोष्टींत असतो, पण त्यावर पोवाडा होत नाही.

पगारासाठी लढणाऱ्याला कसला आला मान?

हा आक्षेप हटकून येतो, आणि भाच्यानेही तो घेतला होता: जो पैशासाठी मारतो तो भाडोत्री, त्याला मानाची भाषा शोभत नाही. याचे उत्तर पुण्याच्याच इतिहासात आहे, आणि ते दुधारी आहे.

पानिपतावर भाऊसाहेबांच्या सैन्यात इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ होते. फ्रेंच पद्धतीने शिकलेले हे लोक नियमित पगारावर अडून बसत, आणि सरदारांना ते आवडत नसे. त्या लढाईच्या वेळी हजर असलेल्या काशीराज पंडिताने लिहिलेल्या वृत्तान्तात असे आहे की १४ जानेवारी १७६१ रोजी, लढाईला तोंड लागण्याआधी, इब्राहिमखान भाऊसाहेबांकडे गेला आणि म्हणाला की मी माझ्या माणसांच्या पगाराचा आग्रह धरला म्हणून आपण माझ्यावर नाराज होतात. तो पगार आम्ही फुकट खाल्ला नाही, हे आज दाखवतो. त्याने ते दाखवले. त्याचे पायदळ जवळपास संपेपर्यंत लढले आणि तो स्वतः पकडला जाऊन मारला गेला. पगार हा त्याच्या मानाच्या आड आला नाही. पगार हाच त्याचा करार होता आणि त्याने तो रक्ताने पाळला.

त्यानंतर बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात शिरून अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना मारणारेही गारदीच होते. सुमेरसिंग त्यांचा म्होरक्या, आणि थकलेला पगार ही त्यांची तक्रार. कारस्थान कोणाचे होते, यावर रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी धरले हे सर्वांना ठाऊक आहे. इथे लक्षात घ्यायची ती तक्रार. गारदी हे एकच नाव पानिपतावर इमानाचे झाले आणि शनिवारवाड्यात विश्वासघाताचे. इमान कराराला बांधलेले असते आणि करार धन्यानेही पाळायचा असतो. तो धन्याने मोडला म्हणजे शिपायाचा प्रत्येक गुन्हा क्षम्य होतो असे नाही, पण त्याला धरून ठेवणारी दोरी तुटलेली असते. टोळीवीराला अशी दोरी लागत नाही; त्याचा पगार कोणी थकवू शकत नाही. पण त्याला थांबवणारे त्याच्या माणसांखेरीज कोणी नसते.

टोळीवाल्यांना रानटी ठरवायचे आहे का?

मुळीच नाही, आणि फँटसी लेखनावरचा हा आक्षेप मला न्याय्य वाटतो. 'जन्मजात लढवय्ये' आणि 'जन्मजात गुन्हेगार' ही दोन्ही लेबले इंग्रजी राजवटीत माणसांच्या समूहांवर चिकटवली गेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे संशयित ठरली, आणि त्या जमाती विमुक्त व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. फँटसीतल्या टोळ्यांवर त्या लेबलांची सावली अजून पडलेली आहे.

पुण्याच्या आसपासच्या रामोशी समाजाचे उदाहरण घ्या. गावाची आणि किल्ल्याची रखवाली हा त्यांचा हक्क होता आणि जबाबदारीही: गावात चोरी झाली तर रखवालदाराने माग काढून द्यायचा, नाहीतर नुकसान भरून द्यायचे. यात कागद नाही, पलटण नाही, पण काटेकोर हिशेब आहे. कंपनी सरकारने हे हक्क मोडीत काढले तेव्हा पुरंदरच्या परिसरातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. सरकारदप्तरी ही दरोडेखोरी होती. ज्यांचा करार मोडला होता त्यांच्या लेखी ती अब्रूची लढाई होती.

टॉल्किन यांनी हे नेमके ओळखले होते असे मला वाटते. त्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या महाकथेत रानातल्या टोळीचा नायक घोडेस्वारांच्या राजाला जंगलातली विसरलेली वाट दाखवतो. मोबदला म्हणून तो सोने मागत नाही. आम्हाला रानात आमच्या जागी राहू द्या आणि यापुढे जनावरांसारखी आमची शिकार करू नका, एवढेच त्याचे मागणे असते. त्या एका मागणीतून घोडेस्वारांच्या आजवरच्या मानाची दुसरी बाजू वाचकाला कळते.

हे दोन्ही एकाच माणसात असू शकत नाही का?

असते, आणि तिथेच गोष्ट दुखरी होते. प्रतापराव गुजर हे स्वराज्याचे सरनोबत, म्हणजे सरसेनापती, पुरते शिपाईगिरीतले पद. १६७३ मध्ये उमराणीजवळ त्यांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याला कोंडले, खान शरण आला, आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. शरणागताला सोडणे हे अब्रूच्या संहितेत शोभून दिसणारे. पण खान पुन्हा उलटला, महाराजांचा ठपका आला की त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मागचे सैन्य येण्याची वाट न पाहता अवघ्या सहा स्वारांनिशी खानावर तुटून पडले. सातही जण मारले गेले.

त्या सात जणांवर आपण शाळेत कविता म्हटल्या आणि ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण हेही लक्षात घ्यावे की सेनापती गेला म्हणून फौज विखुरली नाही. ती आनंदरावांनी सावरली आणि पुढे सरनोबती हंबीरराव मोहित्यांकडे आली. ठपका शिपायाला दिलेला होता. तो ऐकला मात्र वीराने, आणि उत्तरही वीराचेच दिले. थर्मोपिलीहून परतलेला तो स्पार्टन आणि हे सरनोबत यांच्यात दोन हजार वर्षांचे अंतर आहे, तरी अपमान धुऊन काढायला दोघांनाही मरणाखेरीज दुसरे पाणी सापडले नाही. फरक इतकाच की स्पार्टाने सन्मान नाकारला आणि महाराष्ट्राने तो भरभरून दिला. आपण मनाने कोणत्या संहितेचे, हे त्यावरून समजावे.

दोन संहिता समोरासमोर आल्या की

फँटसीतले मला सर्वांत पटलेले उदाहरण जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांमधले आहे. दोथ्राकी हे घोड्यावर जगणारे टोळीवीर. विजय मिळेल तशा त्यांच्या लांब वेणीत घंटा वाढत जातात आणि हरला की वेणी कापली जाते, म्हणजे माणसाचे चरित्र त्याच्या पाठीवर लोंबत असते. त्यांच्यासमोर भालेवाले गुलाम-शिपाई, ज्यांना रोज सकाळी नवे, हीन नाव दिले जाते. ज्याचे कालचे नाव आज उरत नाही, त्याची अब्रू जमा व्हायला जागाच नाही. त्याच्याकडे फक्त रांग आहे. क्वोहोर शहराच्या वेशीवर असे तीन हजार भालेवाले दोथ्राकींचे अठरा हल्ले झेलतात आणि सहाशे उरतात. तेव्हा टोळीचे उरलेले स्वार त्यांच्यासमोरून एकेक करून जातात आणि आपली वेणी कापून त्यांच्या पायाशी टाकतात.

हे दृश्य खरे वाटते, कारण टोळीवीर आपल्याच चलनात देणे चुकते करतो. शिपायांना वेण्या नकोच असतात. त्यांच्या संहितेत त्याला काही किंमत नाही. पण हरलेल्याला आपला हिशेब पुरा करावा लागतो, आणि पुढे त्या शहराच्या पहारेकऱ्यांच्या भाल्यांना केस बांधण्याची रीत पडते. दोन संहितांना एकमेकींची भाषा येत नाही, तरी देवघेव होते.

आता तो पुलावरचा झोपलेला पहारेकरी. मैत्रिणीच्या शिपाईबाईने त्याला झोपेत मारले तर तिच्या संहितेत तो कलंक नाही, कारण पहाऱ्यावर झोपणे हा त्या पहारेकऱ्याचाच गुन्हा. रोमन सैन्यात त्याच्याच सोबत्यांनी त्याला दगडाकाठ्यांनी मारले असते. भाच्याच्या टोळीवीराने त्याला मारले तर त्याचे नाव बुडाले, कारण ज्याने आपल्याला पाहिलेच नाही त्याच्यावरचा विजय कोणाला सांगणार? मी हे पुढच्या रविवारी त्यांना समजावून सांगितले. सूत्रधार झालेल्या मुलाने ऐकून घेतले, वहीत काहीतरी खरडले आणि खेळ पुढे सुरू केला. भाच्याने खडा उचलून पहारेकऱ्याच्या शिरस्त्राणावर मारला. पहारेकरी दचकून उठला. सूत्रधाराने त्याच्या तोंडी पहिले वाक्य घातले, "तीन महिने पगार नाही, पूल ओलांडायचा असेल तर ओलांडा," आणि कोणीही फासा टाकण्याआधी तो भाला भिंतीला टेकवून परत झोपला.